डाव कोणाशी मांडला, हेही विचारा

बर्डीवर नवा फोन घ्यायला आलेला कॉलेजचा मुलगा दुकानदाराला हल्ली आधी विचारतो, 'गेम अडकत तर नाही नं? जास्त गरम होतो का?' कॅमेऱ्याचा नंबर त्यानंतर. मेट्रोच्या सीताबर्डी इंटरचेंजवर गाडीची वाट पाहणाऱ्यांत फोन आडवा धरलेली दोन-चार मुले कधीही दिसतात. त्यात नवल काही नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की भर दुपारी मैदानावर जा, असे नागपुरात कोणत्याच मुलाला सांगता येत नाही. नवतपात तर मोठी माणसेही उंबरठा ओलांडताना दोनदा विचार करतात. मग खेळ घरात येतो, आणि घरातला खेळ म्हणजे बहुतेक वेळा फोनच. त्याच्या मागोमाग येणारे भांडणही घरोघरी पाठ झाले आहे. 'किती वेळ झाला?' 'बस, एक मॅच राहिली नं आई!'

या भांडणात दोन्ही बाजू घड्याळाबद्दलच बोलतात. आईला तास मोजायचे असतात, मुलाला अर्धा तास वाढवून हवा असतो. मूल त्या तासात नेमके काय करते आणि कोणाशी खेळते, हा प्रश्न मात्र क्वचितच निघतो. बहीण माइनक्राफ्टमध्ये एकटीने विटेवर वीट ठेवून किल्ला बांधत असेल आणि भाऊ ९९ अनोळखी माणसांशी लढत असेल, तर दोघांचाही तास साठ मिनिटांचाच. पण त्या साठ मिनिटांत दोघांच्या मनावर जे घडते ते वेगळे असते, आणि फोन ठेवायची वेळ आली की दोघांची अडचणही वेगळी असते. हा फरक घरात, शाळेत आणि धोरणात कुठेच नीट धरला जात नाही. तो धरला तर निम्मी भांडणे मिटतील, आणि खरोखर मदतीची गरज असलेले मूलही वेळेवर ओळखता येईल.

बंदी आली, गेली, प्रश्न तिथेच

पबजी मोबाइल २०१८ मध्ये भारतात आला. जानेवारी २०१९ मध्ये 'परीक्षा पे चर्चा' कार्यक्रमात एका आईने मुलाच्या ऑनलाइन खेळाची तक्रार मांडली, तेव्हा पंतप्रधानांनीच 'हा पबजीवाला आहे का?' असे विचारले आणि सभागृहात हशा पिकला. इतका तो खेळ घराघरात पोहोचला होता. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्राने त्यावर बंदी घातली, पण कारण मुलांचे आरोग्य नव्हते. देशाची सुरक्षा आणि माहितीची गोपनीयता हे होते. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' अर्थात बीजीएमआय या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. या वेळी १८ वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घालून.

त्यानंतर ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, ई-स्पोर्ट्सला मान्यताप्राप्त स्पर्धात्मक खेळाचा दर्जा दिला आणि करमणुकीच्या खेळांना वेगळे ठेवले. रमी आणि सट्ट्याच्या ॲपमुळे उद्ध्वस्त झालेली घरे पाहता त्याची गरज होतीच. पण बारकाईने पाहिले तर एका नियमाने तास मोजले आणि दुसऱ्याने पैसा. पैसा न लावता, तीन तासांच्या आत, रोज बारा लढती हरणारा आणि प्रत्येक हरीनंतर आतून धुमसणारा चौदा वर्षांचा मुलगा या दोन्ही चाळण्यांतून सहज निसटतो.

एकच लुडो, चार खेळ

फरक समजून घ्यायला बंदुकांचा खेळ घ्यायचीही गरज नाही. नवी मुंबईतल्या गेमेशन कंपनीने २०१६ मध्ये आणलेला लुडो किंग बहुतेकांच्या फोनमध्ये येऊन गेला आहे. टाळेबंदीत तर आजोबा धंतोलीत, आत्या पुण्यात आणि नातू बंगळुरूत, असा डाव रोज रात्री रंगत होता. या एका खेळात चार खेळ आहेत. संगणकाशी एकट्याने खेळा. एकच फोन हातोहात फिरवत घरच्यांशी खेळा. खोली उघडून ओळखीच्यांना बोलवा. किंवा जगातल्या कोणाही अनोळखी माणसाशी भिडा. पट तोच, फासा तोच, सोंगट्याही त्याच. तरी प्रत्येक वेळी खेळणाऱ्याचे मन वेगळे असते.

संगणकाशी खेळताना गॅसवर दूध ठेवले असेल तर डाव तिथेच थांबवता येतो, हरलात तर कोणी पाहत नाही. घरच्यांशी खेळताना हरल्यावर चिडवणारे असतात, पण तेच जेवायला वाढतात, म्हणून हार फार बोचत नाही. अनोळखी माणसाशी मात्र तुमच्याकडे फक्त आकडा उरतो: किती जिंकले, किती हरले. आणि तिथे 'जरा थांबा, दूध उतू जातंय' असे म्हणायची सोय नसते.

हाच फरक मोठ्या खेळांत कैक पटींनी वाढतो. बीजीएमआयच्या मुख्य लढतीत एका बेटावर सुमारे शंभर खेळाडू उतरतात. एकेकटे खेळले तर जिंकतो एक आणि हरतात नव्याण्णव. एक लढत सुमारे अर्ध्या तासाची. मध्येच कोणी सोडून गेला तर त्याचे गुणांकन घसरते, चौघांच्या गटात असेल तर उरलेल्या तिघांना त्याच्याविना लढावे लागते. नवख्यांच्या सुरुवातीच्या लढतींत संगणकाचे 'बॉट' मिसळलेले असतात, हे जुन्या खेळाडूंना चांगले ठाऊक आहे. म्हणजे पहिल्या आठवड्यात सहज मिळालेला विजय बऱ्याचदा यंत्रावरचा असतो. मुलाला वाटते आपण वाघ आहोत. समोर खरी माणसे येऊ लागली की गाठ कोणाशी आहे ते कळते. पण तोवर विजयाची चव जिभेवर बसलेली असते.

निम्म्या वेळा हरण्याचा हिशेब

अशा खेळांत समोरचा कोण असावा हे नशिबावर सोडलेले नसते. त्यामागे एक गणित आहे आणि ते आले बुद्धिबळातून. अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे अर्पाद एलो यांनी खेळाडूंचे बळ मोजण्याची पद्धत बसवली. १९७० मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने ती स्वीकारली. कल्पना सोपी आहे. दोघांचे गुणांकन समान असेल तर जिंकण्याची शक्यता निम्मी-निम्मी. फरक ४०० गुणांचा असेल तर वरचढ खेळाडूचे पारडे साधारण दहास एक जड. अपेक्षेपेक्षा चांगला खेळ झाला तर गुण वाढतात, वाईट झाला तर कमी होतात. आज ऑनलाइन खेळ जोड्या लावताना याच धाटणीची गणिते वापरतात.

हेतू चांगला आहे. नवख्याला मुरलेल्याच्या तोंडी देऊ नये, डाव चुरशीचा व्हावा. पण याचा एक परिणाम सहसा सांगितला जात नाही. एकास एक लढतीत गणित नीट चालले, तर तुम्ही कितीही सुधारलात तरी साधारण निम्मे डाव हरणारच. तुम्ही चढलात की समोरचाही चढता मिळतो. सराव वाढला, हात बसला, तरी हार कमी होत नाही. फक्त हरवणारे अधिक तरबेज होतात. त्यात अनेक खेळांत ठरावीक काळाने हंगाम बदलतो आणि कमावलेली पायरी खाली घसरते. पुन्हा चढा.

'बस, एक शेवटची मॅच' या वाक्याचे मूळ इथे आहे. जिंकलेल्याला वाटते हात चालतोय, आणखी एक घेऊ. हरलेल्याला वाटते गेलेले गुण भरून काढू, मग उठू. दोन्ही वाटा पुढच्या डावाकडेच जातात. एकट्याच्या कोड्याला शेवट असतो. किल्ला बांधून झाला की हात झटकून उठता येते. क्रमवारीला मात्र शेवटच नसतो. तेव्हा मूल उठत नाही ते सगळे त्याच्या हट्टीपणामुळे, असे समजणे अन्यायाचे आहे. ज्या जिन्याला वरची पायरीच नाही, त्यावर त्याला उभे केले आहे.

प्रयोगशाळेने काय पाहिले

समोर माणूस आला की माणूस बदलतो, हे विज्ञानाने फार आधी तपासायला घेतले. इंडियाना विद्यापीठातील नॉर्मन ट्रिपलेट यांनी १८९८ मध्ये ४० मुलांना मासेमारीच्या गळाचे रीळ फिरवायला दिले. कधी एकट्याने, कधी दुसऱ्याच्या जोडीने चढाओढीत. या मुलांची विभागणी त्यांनी अशी नोंदवली: २० मुले चढाओढीत वेगवान झाली, १० जणांत फारसा फरक पडला नाही आणि १० मुले उलट मंदावली. त्यांचे हात ताठले, लय बिघडली. आजच्या संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा प्रयोग कच्चा आहे. तरी त्यात दिसलेली गोष्ट कोणताही शिक्षक मान्य करील: चढाओढ सगळ्यांना सारखी मानवत नाही. एकाच घरातल्या दोन भावंडांनाही नाही.

१९८१ मध्ये एडवर्ड डेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा प्रश्न विचारला. काही विद्यार्थ्यांना कोडी सोडवताना सांगितले की शेजारच्याला हरवा. इतरांना फक्त लवकर सोडवा असे सांगितले. नंतर सर्वांना मोकळा वेळ दिला. ज्यांना हरवायला सांगितले होते, त्यांनी मोकळ्या वेळात त्या कोड्यांना कमी हात लावला. म्हणजे कोड्याची गोडी कमी झाली आणि जिंकण्याचीच उरली. ज्या मुलाला पूर्वी खेळ 'आवडायचा' आणि आता तो चिडत, शिव्या घालत, तरीही खेळतच राहतो, त्याच्या बाबतीत हा प्रयोग आठवावा.

राग कुठून येतो, यावरही काम झाले आहे. ऑक्सफर्ड आणि रॉचेस्टर विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगमालेत असे दिसले, की खेळणाऱ्याच्या मनात आक्रमकता वाढते ती मुख्यतः आपल्याला जमत नाही, डाव आपल्या हातात नाही, या भावनेने; पडद्यावर रक्त आहे की नाही याने तितकी नाही. टेट्रिससारख्या निरुपद्रवी ठोकळ्यांच्या खेळातही गैरसोयीचे ठोकळे येतील अशी व्यवस्था केली की माणसे चिडली. 'बंदुका पाहून मुले हिंसक होतात' हे आपले आवडते निदान त्यामुळे थोडे बाजूला ठेवावे लागते. बंदूक पाहण्यापेक्षा पुन्हा पुन्हा हतबल होणे अधिक जाळते.

मग एकट्याचा खेळ म्हणजे सुरक्षित खेळ, असा निष्कर्ष काढायचा का? तसेही नाही. १९९८ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील संशोधकांनी आठ जणांना रणगाड्याचा संगणकीय खेळ खेळायला दिला आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचे चित्रण केले. खेळताना डोपामिन या रसायनाचा स्राव वाढलेला दिसला. समोर दुसरा माणूस नव्हता, फक्त यंत्र होते. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटली, पेटीत काय निघेल ते उघडल्याशिवाय कळणार नाही, अशा युक्त्या एकट्याच्या खेळातही भरपूर असतात. तिथे माणसाऐवजी कॅलेंडर प्रतिस्पर्धी होते, एवढेच.

ऑक्सफर्डच्याच संशोधकांनी २०२२ मध्ये सुमारे ३९ हजार खेळाडूंच्या खेळण्याच्या वेळेची नोंद थेट खेळ कंपन्यांकडून मिळवून तपासली. किती वेळ खेळले याचा मनःस्वास्थ्यावर जवळजवळ काही परिणाम दिसला नाही. फरक दिसला तो का खेळतो यात: आवडते म्हणून खेळणारे बरे होते, आतून खेळावेच लागते असे वाटणारे तितके बरे नव्हते. हे खेळाडू प्रौढ होते, त्यामुळे मुलांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. झोप, डोळे आणि अभ्यास यांसाठी मुलांचे तास मोजावेच लागतील. पण एकटे घड्याळ पुरेसे नाही, हे या अभ्यासाने ठळकपणे सांगितले.

गर्दीत एकटा, पण एकाकी नव्हे

ऑनलाइन खेळात मूल एकटेच खेळते, कोणाशी बोलत नाही, हीही काही पालकांची तक्रार असते. 'सगळे टीममध्ये खेळतात, हा का नाही?' त्यांनी २००६ मधला एक अभ्यास लक्षात घ्यावा. हजारो खेळाडू एकाच वेळी वावरतात त्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळातील नोंदी तपासल्यावर दिसले, की अनेक जण बराच वेळ एकटेच खेळतात. तरी त्यांना भोवती माणसे हवी असतात; सोबती म्हणून नव्हे, तर वर्दळ म्हणून, आपले काम पाहणारे म्हणून. फुटाळ्यावर संध्याकाळी एकटेच बसून राहणारे लोक असतात. ते कोणाशी बोलत नाहीत, पण घरी गच्चीवर न बसता ते फुटाळ्यावरच येतात. तसेच हे.

इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये सुरू झालेल्या बहुखेळाडू संगणकीय खेळाचे एक जनक रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार स्वभाव सांगितले होते: टप्पे गाठणारे, शोध घेणारे, गप्पांसाठी येणारे आणि दुसऱ्याला पाडण्यात आनंद मानणारे. माणसे इतक्या नेमक्या चार खणांत बसत नाहीत. पण एकाच खेळाच्या मैदानात चार वेगळ्या ओढीची माणसे असतात, हे निरीक्षण आजही खरे आहे. शोध घेणाऱ्या मुलाला क्रमवारीच्या लढतीत ढकलले तर ते कोमेजते. चुरशीची आवड असलेल्याला फक्त कोडी दिली तर ते कंटाळते. आपले मूल कोणत्या ओढीने खेळते, हे शेजारी बसून अर्धा तास पाहिले तरी कळते.

आखाड्याचा नियम

स्पर्धेला खलनायक ठरवणे तर नागपूरकरांना शोभणारच नाही. २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे आपल्या दिव्या देशमुखने महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. वय १९. अंतिम फेरीत समोर कोनेरू हम्पी. दीर्घ वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि निकाल जलद डावांत लागला. या विजयाने दिव्या थेट ग्रँडमास्टर झाली, देशाची ८८ वी. त्याआधी २०१९ मध्ये याच शहराच्या रौनक साधवानीने हा किताब मिळवला होता. चुरस माणसाला घडवते, याचा पुरावा शोधायला आपल्याला दूर जायला नको.

पण बुद्धिबळाची स्पर्धा कशी बांधलेली असते तेही पाहा. दीर्घ वेळेच्या स्पर्धेत दिवसाला एक, फार तर दोन-तीन डाव. डाव संपला की हस्तांदोलन, नोंदीच्या कागदावर सही. नंतर बऱ्याचदा दोन्ही खेळाडू त्याच पटावर बसून कुठे चुकले ते एकमेकांना दाखवतात. आणि या डावांमागे एकट्याने केलेला अभ्यास असतो: कोडी, जुने डाव, शेवटच्या सोंगट्यांचा हिशेब. आता हेच बुद्धिबळ फोनवर तीन-तीन मिनिटांचे खेळा. तासाभरात आठ-दहा डाव होतात, हरलेल्या डावाकडे मागे वळून पाहायला उसंत नाही, कारण पुढचा प्रतिस्पर्धी हजर असतो. खेळ तोच. एकात हार शिकवते, दुसऱ्यात नुसती साचते.

आपल्याकडच्या तालमींना हे शहाणपण फार जुने आहे. पैलवान रोज एकट्याने जोर-बैठका काढतो, मल्लखांबावर अंग घडवतो. दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे आयुष्य दिले ते कुस्तीला पूरक म्हणूनच. त्यानंतर तालमीतल्याच जोडीदाराशी लढत. तिथे हरले तरी माती एकच आणि खुराकही एकत्र. आणि दंगल कधीतरी, तीही वस्ताद म्हणेल तेव्हा. कच्च्या पोराला कोणताही वस्ताद रोज दंगलीत उतरवत नाही. मोडेल, हे त्याला माहीत असते.

क्रमवारीचा ऑनलाइन खेळ नेमके हेच करतो. जोर नाही, जोडीदार नाही, वस्ताद नाही. खिशातली दंगल दिवसरात्र उघडी. एकटा सराव, ओळखीच्यांशी लढत आणि अनोळखी माणसाशी सामना, या तिन्ही गोष्टी मुलाला हव्यातच. बिघाड होतो तो त्यांचे प्रमाण उलटे झाल्यामुळे.

आजार कधी म्हणायचे

इथे एक सावधगिरी. चिडणाऱ्या प्रत्येक मुलाला 'व्यसनी' म्हणण्याची घाई करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून लागू केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, पण त्याच्या अटी कडक आहेत. खेळण्यावर ताबा न राहणे; इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ महत्त्वाचा होत जाणे; नुकसान दिसत असूनही खेळत राहणे किंवा वाढवणे. यामुळे शिक्षण, काम, नाती यांचे मोठे नुकसान झालेले असावे आणि हे सहसा बारा महिने चाललेले असावे. लक्षणे तीव्र असतील तर त्याआधीही निदान होऊ शकते. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या २०२१ च्या एका शोधनिबंधात हे प्रमाण २ ते ३ टक्क्यांच्या आसपास निघाले. म्हणजे बहुसंख्य मुले आजारी नाहीत. पण शंभरात दोन-तीन ही संख्या एखाद्या मोठ्या शाळेत कमी नसते.

लक्षात घेण्यासारखे म्हणजे या वर्गीकरणात ऑनलाइन आणि ऑफलाइन असे दोन उपप्रकार आहेत, पण एकट्याचा खेळ की चढाओढ, हा भेद नाही. तो भेद घरच्यांनाच टिपावा लागेल. झोप उडाली, मित्र तुटले, मार्क घसरले, खेळातही आनंद उरला नाही आणि तरी सुटत नाही, अशी स्थिती असेल तर उशीर करू नये. मेडिकल आणि मेयोमध्ये मानसोपचार विभाग आहेत. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे आणि चोवीस तास चालतो. बंगळुरूच्या निम्हान्सने तर तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ मध्येच वेगळे केंद्र सुरू केले. डॉक्टरकडे गेल्यावर 'दिवसभर मोबाइल पाहतो' एवढेच न सांगता कोणता खेळ, एकटा की गटात, अनोळखी लोकांशी की मित्रांशी, हरल्यावर काय करतो, हे सांगितले तर निदानाला मोठी मदत होते.

करायचे काय

पहिली गोष्ट पालकांची. चालू लढतीत फोन हिसकावणे बंद करावे. मुलाच्या दृष्टीने ते भर मैदानातून बॅट ओढून नेण्यासारखे असते, आणि त्याच्या गटातल्या तिघांवर तो अन्यायही असतो. मर्यादा घालताना मिनिटांसोबत डावही मोजावेत: अभ्यासाआधी दोन लढती, रात्री एकही नाही. तिसरी सुरू करण्यापूर्वीच थांबायचे, हा करार शांत वेळी करावा, भांडणात नव्हे. सलग दोन हारी झाल्या की त्या दिवशी क्रमवारी बंद. वाटले तर सरावाचा किंवा एकट्याचा खेळ. झोपेच्या तासभर आधी चढाओढ नको, कारण पेटलेले मन बटण दाबून विझत नाही. आणि आठवड्यातून एकदा मुलाशीच डाव मांडावा. लुडो चालेल, कॅरम चालेल. आई-बाबा हरल्यावर कसे वागतात, हे मुलाने पाहणे हाही एक धडा आहे.

दुसरी शाळा-महाविद्यालयांची. ई-स्पोर्ट्स २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत पदकांसह खेळले गेले, आता देशाच्या कायद्यातही त्याला जागा मिळाली. उद्या आंतरशालेय स्पर्धा आल्या तर त्या बुद्धिबळासारख्या बांधाव्यात: ठरलेला दिवस, ठरलेल्या फेऱ्या, समोरासमोर प्रतिस्पर्धी, सामन्यानंतर चर्चा आणि सोबत प्रशिक्षक. शेवट असलेली स्पर्धा ही खेळाची पहिली अट असते.

तिसरी कंपन्यांची आणि सरकारची. प्रत्येक बहुखेळाडू खेळात एकट्याने किंवा फक्त ओळखीच्यांशी खेळण्याची पूर्ण सोय असावी. आणि ती निवडणाऱ्याला बक्षिसांत दुय्यम वागणूक नसावी. १८ वर्षांखालच्यांसाठी सलग काही हारींनंतर क्रमवारीची लढत आपोआप थांबावी. समोर माणूस आहे की बॉट, हे खेळाडूला स्पष्ट दिसावे. मध्येच घरचे काम निघाले म्हणून उठलेल्या मुलाला दंड नसावा. यातले काहीही तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. दोन अनोळखी माणसांचे बळ क्षणात मोजून जोडी लावणाऱ्या यंत्राला, एक मूल थकले आहे हे मोजणे जड जाऊ नये. नव्या कायद्याखालचे नियम आखताना आणि सुधारताना पैशांइतकेच लक्ष या बांधणीकडेही दिले, तर त्या कायद्याचा लाभ जुगार न खेळणाऱ्या कोट्यवधी मुलांपर्यंत पोहोचेल.

खेळात हरणे ही आयुष्याची स्वस्तातली शिकवणी आहे. ती मुलांना मिळायलाच हवी. फक्त प्रत्येक हरीनंतर श्वास घ्यायला जागा, चूक पाहायला वेळ आणि 'आता पुरे' म्हणणारे एक जिव्हाळ्याचे माणूस हवे. फोनमध्ये यातले काहीच येत नाही. ते घरानेच पुरवायचे आहे.